ठकूआजीनं बेलभंडारा उचलला त्या वर्षीचे प्रवेश

"भाऊसाहेब! ह्या शेळ्यांना प्रवेश कुणी दिला?"

आमच्या प्राचार्यांचा आवाज मुळातच माइक न लावता कोल्हारच्या पुलापर्यंत पोचणारा. त्या दिवशी तो पूल ओलांडून पलीकडं गेला असावा. साहेब पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उभे. खाली पोर्चमध्ये टेम्पो, टेम्पोचा फाळका खाली सोडलेला, आणि त्यातून एकेक शेळी टुणकन उडी मारून उच्च शिक्षणाच्या प्रवाहात सामील होत होती. एकीनं तर 'सुस्वागतम'च्या फलकाशेजारची कुंडी निम्मी संपवलीसुद्धा होती.

"सर, एकट्या नाहीत त्या, पालकांबरोबर आल्यात!" मी खालून ओरडलो.

"आणि पालक कुठंयत?"

टेम्पोच्या केबिनचं दार उघडलं आणि ठकूआजी उतरली. अंगानं काडी, आवाजानं भोंगा. एका हातात काठी, दुसऱ्या मुठीत बटणांचा मोबाईल. असा आवळलेला, की मूठ सैल केली तर उडून जाईल.

"कोन वराडतंय त्ये?" तिनं मान वर केली. "त्येला म्हनावं हळू बोल. जनावरं बुजत्यात."

प्राचार्यांना हळू बोलायला सांगणारं माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. आणि साहेब हळू बोलायला लागलेसुद्धा! तिथंच माझ्या मनानं घेतलं, आज आपण जिंकणार.

कशात जिंकणार, ते सांगतो. त्यासाठी माझा धंदा आधी समजून घ्या.

मी कॉलेजच्या प्रवेश विभागातला कारकून. आमच्याकडं हातात सरकारी पेन दिसलं की माणूस भाऊसाहेब होतो, तसा मीही झालो. आता निवृत्त झालो तरी बायकोसुद्धा भाऊसाहेबच म्हणते. फॉर्म कागदावर होते तेव्हा जून महिन्यात माझ्या खिडकीसमोरच्या रांगेचं तोंड माझ्याकडं आणि शेपूट राहुरीच्या स्टँडवर असायचं. त्या रांगेत लोकांनी जेवणं केली, भांडणं केली. एक लग्नही जमलं, आणि त्या जोडप्याच्या पोराला पुढं मीच प्रवेश दिला. ज्यांना खोटं वाटतं त्यांनी पोराला विचारावं.

मग सगळं ऑनलाइन झालं. रांगा संपल्या असं आम्हाला सांगण्यात आलं. रांग होती तेवढीच राहिली. फक्त आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल होता आणि रांग पुढं सरकत्येय की मागं, हे कुणालाच दिसत नव्हतं.

बाहेरच्या माणसासाठी सोपं करून सांगतो. पोर्टलवरचं खातं म्हणजे घर. युजर आयडी म्हणजे दारावरची पाटी. पासवर्ड म्हणजे कुलपाची किल्ली. आणि ओटीपी म्हणजे किल्ली असली तरी आतल्या म्हातारीनं विचारलेलं "कोन हाय रं?" त्याचं बरोबर उत्तर दिलं तर आत, नाहीतर बाहेर. तीनदा चुकलात तर म्हातारी झोपून जाते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत दार उघडत नाही. धोरण म्हणाल तर एकच: यादीत नाव लागलं की ठरलेल्या तारखेच्या पाच वाजेपर्यंत स्वतःच्या खात्यात शिरायचं आणि प्रवेश निश्चित करायचा. नाही केला, तर जागा पुढच्याची. मग तुम्ही रडा, पडा, नाहीतर आमदाराची चिठ्ठी आणा. चिठ्ठी वाचणारा माणूसच त्या यंत्रात ठेवलेला नाही.

ह्या घराच्या दारात मी काय काय नमुने बघितले! एका पोराचा पासवर्ड बापानं ठेवलेला, बैलाच्या नावानं. पुढं बैल विकला. पोरगा पासवर्ड विसरला म्हणून बापाला खिडकीवर आणला, तर बाप गजाला डोकं टेकून म्हणाला, "भाऊसाहेब, त्याचं नाव नका काढायला लावू." मी म्हटलं, बोलू नका, नुसतं दाबा. त्यानं डोळे पुसत पुसत एकेक अक्षर दाबलं. खातं उघडलं. आत 'प्रिय विद्यार्थी, आपले स्वागत आहे' असं आलं, ते वाचून पुन्हा रडला. दुसऱ्यानं ओळखपत्राच्या फोटोच्या जागी स्वतःच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचा फोटो चढवला. वर हा, गॉगल लावून. खाली शुभेच्छुक, ओळीनं अकरा. परीक्षेला ओळखपत्र बघून बाईंनी विचारलं, "ह्यातला तू कोणता?" तर म्हणाला, "मॅडम, सगळ्यात मोठा."

हसू येतं. पण मुदत संपली म्हणून माझ्या खिडकीवरून परत गेलेली तोंडंही आहेत. त्यांच्या गोष्टी मी रंगवून सांगत नाही.

तर ठकूआजी.

देवळाली प्रवराच्या पुढं उसाच्या रानांच्या कडेला एक वस्ती आहे. पाथर्डीकडून ऊसतोडीला आलेली चार घरं इथंच थांबली, त्यांची वस्ती झाली. दसरा झाला की वस्तीतली हातापायानं धड माणसं टोळीबरोबर कारखान्यावर जातात. या साली सांगलीकडं, पुढच्या साली कर्नाटकात. जिथं जातील तिथं नवं सिमकार्ड. परत येईपर्यंत जुना नंबर बंद. मागं राहतात त्या शेळ्या, लहान पोरं आणि ठकूआजी.

आता तुम्हीच विचार करा. फॉर्मवर लिहिलेलं असतं, 'कायमस्वरूपी वापरात असलेला मोबाईल क्रमांक'. त्या वस्तीत कायमस्वरूपी कोण? ठकूआजी! म्हणून अख्ख्या वस्तीनं सगळीकडं तिचाच नंबर दिला. गॅसला तिचा, रेशनला तिचा, बँकेला तिचा, दवाखान्याला तिचा, आमच्या कॉलेजला तिचा. सरकारच्या बाजूनं बघितलं तर त्या वस्तीत एकच माणूस राहत होतं, आणि ते एकाच वेळी दहावी नापास, गरोदर, पेन्शनर आणि बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतं.

आजीला अक्षरओळख नाही. तिच्या फोनचा मेसेजचा डबा केव्हाच गच्च भरलेला, आणि तो रिकामा करायला ती कुणाला हात लावू देत नव्हती. म्हणून वस्तीतली पोरं 'फोन करून कळवा' हा पर्याय निवडायची. मग आजीला फोन यायचा, एक बाई हिंदीत सहा आकडे बोलायची, आजी ते एका ऐकण्यात पाठ करायची आणि मागणाऱ्याला सांगायची. पण लगेच नाही. "भावाशी बोलतोस का? न्हाई? मंग आदी बोल, मंग ये." वस्तीत तंटामुक्ती समिती कधी बसलीच नाही, गॅसचं सिलिंडर हवं असलं की भावकी आपोआप एक व्हायची.

असं सगळं छान चाललं होतं. मग वस्तीवर एका बँकेचं शिबिर झालं. टाय लावलेल्या साहेबानं बजावून सांगितलं, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. पोटच्या पोराला नाही, सुनेला नाही, कॉलेजातून फोन आला तरी नाही. सगळ्यांनी हात वर करून शपथ घेतली. हात वर करणं आजीला अपुरं वाटलं. तिनं घरातून भंडारा आणला, बेलाचं पान आणलं, आणि खंडोबाचं नाव घेऊन बेलभंडारा उचलला. माझ्या डोळ्यांदेखत लोकांनी कोर्टातल्या शपथा चहाबरोबर बुडवून खाल्ल्यात. पण बेलभंडारा उचलून शब्द फिरवलेला माणूस आमच्या भागात मी अजून बघायचाय.

आणि नेमकी त्याच आठवड्यात यादी लागली. यादीत सविताचं नाव.

सविता म्हणजे आजीची नातसून. बारावी झाली, लग्न झालं, आणि नवऱ्याबरोबर दोन हंगाम कोयता झाला. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. टोळीचा मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. ह्या वर्षी तिनं नवऱ्याला सांगितलं, मला बी.ए. करायचंय. नवरा भला, म्हणाला, कर, मी ट्रॅक्टरवर जातो. मुकादम मात्र म्हणाला, "ॲडमिशन झालं तर सांग. न्हाई झालं तर तुमचा कोयता मी धरलाय." म्हणजे सरळ हिशेब होता. पाच वाजेपर्यंत खातं उघडलं तर कॉलेज, नाही उघडलं तर उसाचा फड.

शेवटच्या दिवशी दुपारी ती माझ्या खिडकीवर आली. कागदपत्रं सगळी चोख. मधल्या वर्षांचं गॅप सर्टिफिकेटसुद्धा आणलेलं. फक्त ओटीपी नाही.

"आजी सांगत न्हाई, सर. दोन दिस झालं मागतीय."

"मग नंबर बदलून टाकू," मी ऐटीत म्हणालो आणि बटण दाबलं. पोर्टल म्हणालं, नंबर बदलण्यासाठी जुन्या नंबरवर पाठवलेला ओटीपी टाका. ही असली विहीर ज्यानं खणली त्याला मी एकदा भेटणार आहे.

मी आजीला फोन लावला.

"आजी, कॉलेजातून भाऊसाहेब बोलतोय. आत्ता तुम्हाला एक फोन येईल, त्यात एक बाई..."

"चोरा!" माझ्या कानातून शिट्टी निघाली. "बँकंच्या सायबानं सांगितलंय मला. आदी आसंच गोड आजी आजी करत्यात!"

"अहो, तुमची सविता माझ्यासमोर उभी आहे. तिच्याशी बोला."

"आजी, मी हाय," सविता म्हणाली.

"दुसऱ्याचा आवाज काडून बी बोलत्यात. त्ये बी सांगितलंय सायबानं." मग तिनंच परीक्षा घेतली. "खरी आसशील तर सांग, रातच्याला कालवन कशाचं हुतं?"

"हुलग्याचं."

"मीठ?"

"जास्त पडलं हुतं. तुमच्याच हातून."

"व्हय. तू खरी हायेस," आजी म्हणाली. "पर नंबर न्हाई सांगायची. बेलभंडारा उचललाय म्या."

पोर्टलपेक्षा पक्की तपासणी होती ही, आणि ती पास होऊनसुद्धा दार बंद! आता माझ्या अंगात संचारलं. नियमाला नियमानंच बांधायचं असतं, हे मी इतकी वर्षं खिडकीत बसून शिकलो. मी फोन कानाला घट्ट धरला.

"आजी, शपथ घेताना तुम्ही नेमकं काय म्हणाला होता?"

"नंबर कुनाला सांगनार न्हाई. आन् फोन कुनाच्या हातात देनार न्हाई."

"नंबर स्वतःच्या हातानं दाबणार नाही, असं म्हणाला होता?"

पलीकडं आजीनं शपथ पुटपुटत पुन्हा म्हणून बघितली. मग एक शेळी ओरडली.

"तसं न्हाई म्हनले," आजी म्हणाली.

"मग या इकडं. तुमचा फोन तुमच्याच हातात, नंबर तुमच्याच डोक्यात, बोट तुमचंच. खंडोबासुद्धा काही म्हणायचा नाही."

"आन् शेरडं कोन बघंल?"

"शेरडं पण आणा!" मी म्हणालो. जिंकायला निघालेला माणूस शेरडांना घाबरत नसतो.

वस्तीवरचा टेम्पो निघाला, आणि पुढं पोर्चमध्ये काय झालं ते तुम्ही वाचलंच आहे.

आता खरी लढाई. आमच्या ऑफिसच्या भिंती जुन्या, दगडी. आजीच्या फोनला आत रेंज नाही. रेंज फक्त सायकल स्टँडजवळच्या कडुनिंबाखाली. म्हणजे फोन झाडाखाली येणार, आणि कॉम्प्युटर आत. मधला लांबलचक व्हरांडा आजीनं सहा आकडे डोक्यात घेऊन पार करायचा.

मी आत बटण दाबलं. बाहेर फोन वाजला. आजीनं ऐकला, ओठ घट्ट मिटले आणि काठी टेकत निघाली. निम्मा व्हरांडा झाला, तोच प्राचार्य खाली आले. शेळ्यांवरून आवाज चढवल्याचं त्यांना वाईट वाटत असावं. हात जोडून अदबीनं म्हणाले, "नमस्कार, आजी. वय काय आपलं?"

"पंच्याऐंशी आसंल," आजी म्हणाली. आणि थांबली. "ग्येला! तुमच्या पंच्याऐंशीनं माझा नंबर खाल्ला."

तरी तिनं आत येऊन उरलंसुरलं जुळवून दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं. एक संधी गेली.

दुसऱ्या वेळी कॉलेजनं कधी पाळली नसेल अशी शिस्त पाळली. प्राचार्य स्वतः व्हरांड्यात ओठांवर बोट ठेवून उभे राहिले. तास थांबले. दुतर्फा पोरं भिंतीला चिकटली. मधून ठकूआजी, तिच्या मागं एक शेळी. मुख्यमंत्री आले होते तेव्हासुद्धा इतकी शांतता नव्हती. तेव्हा तर मागच्या रांगेत शेंगा चालल्या होत्या. आजी आली, खुर्चीवर बसली, कीबोर्डच्या उजव्या अंगाला जे आकड्यांचे चौकोन असतात त्यांवर न अडखळता सहा ठोके मारले, आणि माझ्याकडं बघून मान डोलावली.

लाल अक्षरं.

"आसं कसं?" आजी उसळली. "बराबर दाबल्यात म्या! यंतर खोटं हाय तुमचं!"

आजी बरोबर होती आणि यंत्रही. मोबाईलवर आकडे वरून खाली उतरतात, एक वरच्या कोपऱ्यात. कॉम्प्युटरच्या त्या चौकोनांत ते खालून वर चढतात, वरच्या कोपऱ्यात सात. आजीला आकडा वाचता येत नव्हता. तिला आकड्याचं घर ठाऊक होतं. आणि ह्या गावात सगळ्यांची घरं बदललेली.

एक संधी शिल्लक. घड्याळ पाचाकडं निघालेलं. प्राचार्य घाम पुसत होते. मी दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं. विचार करताना मी तसंच बसतो.

तेव्हा सविता बोलली. दुपारपासून ती कोपऱ्यात पिशवी धरून उभी होती. "सर, ह्यांचा मोबाईल आणलाय मी. त्याच्यावर खातं उघडते. त्याचे आकडे आजीच्या फोनसारखेच खाली उतरत्यात. आन् मोबाईल झाडाखाली नेता येतो. आजीनं तिथंच ऐकायचं, तिथंच दाबायचं."

"हेच सांगणार होतो मी," मी म्हणालो. आजही मी तसंच सांगतो.

अख्खं कॉलेज कडुनिंबाखाली लोटलं. सायकल स्टँडच्या पत्र्यावर पोरं चढली. सवितानं नवऱ्याचा मोबाईल आजीच्या मांडीवर ठेवला, बटण दाबलं आणि शपथेला बाध नको म्हणून पाठ फिरवून उभी राहिली. तिचं बघून मीही पाठ फिरवली. माझं बघून प्राचार्यांनी. मग सगळ्यांनीच. एक म्हातारी मधोमध, आणि भोवती अख्ख्या महाविद्यालयाच्या पाठी. शेळ्या तेवढ्या तिच्याकडं तोंड करून, पण त्यांच्याकडून फुटायचं भय नव्हतं.

फोन वाजला. मला आजी दिसत नव्हती, पण भाकरी थापल्यासारखे सहा ठोके मी मोजले. मग आजीचा आवाज:

"हिरवं झालंय. हिरवं म्हंजी काय?"

सविता गर्रकन वळली. खातं उघडलं होतं. तिनं 'प्रवेश निश्चित करा' दाबलं आणि पडद्यावर आलं, 'आपला प्रवेश निश्चित झाला आहे.'

पुढचा आरडाओरडा मी लिहू शकत नाही, शाई पुरायची नाही. पत्र्यावरची पोरं पत्र्यासकट नाचली. प्राचार्यांनी मला मिठी मारली, आणि चुकून ग्रंथपालांनाही, ज्यांच्याशी ते दोन वर्षं बोलत नव्हते. हंगाम नसताना कारखान्याचा भोंगा वाजलेला मी माझ्या कानांनी ऐकला. बाकी कुणी ऐकला नाही, पण त्या गोंधळात त्यांना कसा ऐकू येणार? एक शेळी ओरडत थेट पहिल्या मजल्यावर गेली आणि अर्थशास्त्राच्या वर्गात बसली. तिथं ती शांत राहिली असं सर सांगतात.

मी पावती छापून आणली. सवितानं ती दोन्ही हातांनी घेतली आणि उभ्या उभ्या तीनदा वाचली.

"आता मुकादमाला सांग," आजी म्हणाली. "आत्ताच. सगळ्यांच्या म्होरं."

तिनं स्वतःच नंबर लावला. फोन कुणाच्या हातात द्यायचा नाही म्हणून तो स्वतःच्याच मुठीत धरून सविताच्या तोंडापुढं केला. ह्या वेळी तिनं स्पीकरचं बटणही दाबलं होतं. पलीकडचा माणूस आमच्या सगळ्यांत येऊन बसल्यासारखा ऐकू येत होता.

प्राचार्यांनी पुन्हा ओठांवर बोट ठेवलं. पोरं गप्प झाली. मी मनात पुढची वाक्यं जुळवून ठेवली: मुकादम चिडला तर काय बोलायचं, धमकी दिली तर काय, आणि कॉलेजच्या वतीनं फोनजवळ तोंड नेऊन मी त्याला कसा सरळ करायचा.

"मामा, सविता बोलतीय," ती म्हणाली. "माझं ॲडमिशन झालं. ह्या साली आमचा कोयता धरू नका."

पलीकडं कुठंतरी टेम्पोचा हॉर्न वाजला.

"बरं," मुकादम म्हणाला. "मंग दुसरा कोयता बघतो."